तेरवीच्या पंगतीत बसण्याआधी

साखरखेर्डा आणि पंचक्रोशीतल्या समस्त गावकऱ्यांनो,

हे आवाहन ज्या घरात माणूस गेलंय त्या घराला नाही. त्या घराला सल्ले देणारे आधीच ओसरीत बसलेले असतात. हे आपल्याला आहे. सावडायला जाणाऱ्या, दहाव्याला टॉवेल-टोपी घेऊन जाणाऱ्या, तेरवीच्या पंगतीत मांडी घालून बसणाऱ्या आणि परत येताना ‘बुंदी जरा कोरडीच होती’ असं म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना. मागणी एकच आहे. यापुढं गावात कुणी गेलं, तर घरच्यांनी तोंड उघडायच्या आत आपण जाऊन सांगायचं, ‘आम्ही जेवायला येणार नाही, आठवण सांगायला येऊ.’ आणि हा शब्द येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव करून पक्का करायचा.

एवढी घाई कशाला, असं कुणी विचारील. आखाड सरत आलाय. बियाणं, खत, फवारणी, निंदण यात हातातला पैसा मातीत गेलेला आहे. सोयाबीन घरात यायला दसरा उजाडतो, कपाशीला त्याहून उशीर. या मधल्या दिवसांत ज्याच्या घरी मरण येतं त्याच्याजवळ किराण्याच्या दुकानातली उधारी आणि कुणाच्या तरी दारातलं व्याजाचं कर्ज, एवढंच उरतं. मरण काही हंगाम पाहून येत नाही. पण तेरवीचा आकडा हंगाम न पाहता ठरतो, आणि तो ठरवणारे आपण आहोत.

तो कसा ठरतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली की भाऊकी बसते. तासाभरात सगळं आटोपतं. किती पानं, आचारी कोण, मंडप कुणाचा, गोडाला काय, पाव्हण्यांना टॉवेल-टोपी किती, लेकीबाळींना लुगडी किती, चौकात फ्लेक्स किती फुटी. पोरगा मान हलवत बसतो. त्याची माय आतल्या खोलीत भिंतीला टेकलेली असते, तिला कुणी विचारत नाही. पोराच्या मनात एकच भीती असते, ‘लोकं काय म्हणतीन? बापासाठी एवढंही नाही केलं?’ हे वाक्य आजवर कुणी त्याच्या तोंडावर म्हटलेलं नसतं. तरी ते दारात उभं असतं. ते दारातून हलवायचं काम आपलं आहे, कारण ती ‘लोकं’ म्हणजे आपणच.

काही वर्षांनी चावडीवर बोलणं निघतं, त्यांचं अर्धं वावर गेलं, पण तेरवी गाजली. गेलेला माणूस कसा होता, हे त्या बोलण्यात कुठं येत नाही.

मूळ रीत पाहिली तर ती याच्या अगदी उलटी आहे. ज्या घरात मरण झालं तिथं चूल पेटत नाही. शेजारचं, सोयऱ्याचं घर भाकरी-पिठलं करून आणतं, कडू घास भरवतं, ‘दोन घास खा, माय’ म्हणून बसून राहतं. अन्न गावाकडून दुःखी घराकडं जातं. आपल्या मुस्लिम भावांच्या हदीसमध्येही हेच आहे. पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर लढाईत गेल्यावर त्यांच्या घरच्यांसाठी स्वयंपाक करा, त्यांच्यावर दुःख कोसळलंय, असं पैगंबरांनी सांगितलं होतं. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाला त्रिशरण-पंचशील होतं, चार शब्द बोलले जातात. म्हणजे कोणत्याही वाटेनं गेलं तरी सुरुवात एकाच ठिकाणी होते, दुःखी घराला आधार देण्यापासून. मग कधीतरी ताटाची दिशा फिरली. आता तेराव्या दिवशी दुःखी घर अख्ख्या गावाला वाढतं, आणि आपण हात धुऊन उठतो.

गैरसमज नको म्हणून आत्ताच सांगतो. दशक्रिया करू नका, पिंडदान करू नका, फातिहा पढू नका, जंगमांना बोलवू नका, असं या आवाहनात कुठंही नाही. ज्याची जी श्रद्धा त्यानं ती पाळावी. पलसिद्ध महाराजांचा मठ आणि प्रल्हाद महाराजांचं समाधिस्थान असलेल्या गावाला श्रद्धा शिकवायला जाणं हा उद्धटपणा होईल. लांबून आलेल्या पाव्हण्याला वरण-भात, भाजी-पोळी द्यावीच. उपाशी माणूस परत पाठवणं आपल्या रक्तात नाही. माझं भांडण हजार पानांशी आहे, आणि त्याहून जास्त त्या पानांच्या मोजणीशी.

हे भांडण वऱ्हाडात नवं नाही. गाडगेबाबांनी खराट्याइतकाच जोर कर्ज काढून केलेल्या कार्यांवर काढला. सण असो, बारसं असो की दिवसकार्य, ऋण काढून पंगत उठवणाऱ्याला ते कीर्तनात भर लोकांत प्रश्न विचारून भंडावून सोडत. आपल्या मागं स्मारक, मंदिर, पुतळा उभारू नका, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले, आणि अमरावतीत त्यांचं समाधी मंदिर उभं राहिलंच. माणसं प्रेमापोटी कधी कधी ऐकत नाहीत, त्याला इलाज नाही.

तुकडोजी महाराजांनी तर ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर स्वतंत्र अध्यायच लिहिला. ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीच्या गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांचा प्राण गेला. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला लाखो माणसं तिथं उभी राहून मौन पाळतात. आपल्या गावातूनही माणसं जातात, त्यांना विचारा. एवढा मोठा जमाव आणि पान हललं तरी ऐकू यावं अशी शांतता. त्या मौनाला काय खर्च येतो? विदर्भातला बहुधा सगळ्यात मोठा स्मरणाचा सोहळा असा बिनखर्चाचा आहे, आणि आपण मात्र चौथ्या वाढणीला जिलबी उरेल का याची चिंता करतो.

आता आठवण सांगायला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथंच बहुतेकांचं अडतं. जेवण ठरवायला सोपं असतं, कारण आचारी सगळं सांगतो. आठवणीला आचारी नसतो.

म्हणून गावानं दोन-तीन माणसं उभी करावीत. ती घरातली नसावीत. घरातल्यांना रडू द्यावं. एखादी शिक्षिका, भजनी मंडळातला जाणता, बचत गटातली बोलकी ताई, असं कुणीही चालेल. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी त्या घरी जाऊन निवांत बसावं. हातात एक शंभर पानी वही असावी. गेलेल्या माणसाचा जन्म कुठला, शाळा कितवीपर्यंत, पहिल्यांदा बैलजोडी कधी घेतली, बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होता, विहिरीला पाणी लागलं तेव्हा काय केलं, लग्नात कुणी रुसलं होतं, हे सगळं विचारावं. म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावं. बायकोला, बहिणीला, सालगड्याला, शेजाऱ्याला वेगवेगळं विचारावं, कारण प्रत्येकाजवळ त्या माणसाचा वेगळा तुकडा असतो. दोन तुकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर तेही लिहून ठेवावं. बापाला पोरं कडक म्हणून ओळखतात आणि नातवंडं त्याच्या खिशातल्या गोळ्यांसाठी. दोन्ही खरं असतं.

कार्यक्रम दहाव्याला ठेवा, तेराव्याला ठेवा, चाळिसाव्याला ठेवा, ज्याच्या घरच्या रीतीनं. जागा अंगणाची, शाळेच्या ओट्याची नाहीतर समाजमंदिराची. वेळ दीड तासाहून जास्त नको. सकाळी लवकर ठेवला तर मजुरीला जाणाऱ्यांचा रोज बुडत नाही, हे आवर्जून सांगतो, कारण आपण नेमकी भर दुपार धरतो आणि ज्यांनी त्या माणसासोबत आयुष्यभर निंदण केलं त्या बायकाच येऊ शकत नाहीत. समोर फोटो असावा, पण आधार कार्डावरचा भेदरलेला नको. पोरांनी मोबाइलमध्ये शोधला तर शेतात, बाजारात, नातवाला कडेवर घेतलेला एखादा सापडतोच. फोटोशेजारी त्या माणसाच्या हातातली वस्तू ठेवा. खुरपं, शिवणयंत्राची कात्री, टाळ, चष्मा, दूध मोजायचं माप. त्या वस्तूकडं बघत माणसं जे बोलतात ते कुठल्याही भाषणात येत नाही.

बोलणारे चार-पाच पुरे, आणि त्यांना आधी सांगून ठेवा. इथं एक कडक नियम पाळावा लागेल. पुढाऱ्यानं यावं, बसावं, हात जोडावेत, पण माइक घेऊ नये. गेलेला माणूस पुढाऱ्याच्या खरोखर जवळचा असेल तर तो अपवाद. आपल्याकडं श्रद्धांजलीचं भाषण तिसऱ्या वाक्याला रस्त्याच्या निधीवर जातं आणि पाचव्याला विरोधकांवर. त्यापेक्षा ज्या पोरीला त्या आजोबांनी सायकल शिकवली तिनं दोन मिनिटं बोलावं. प्रत्येकानं एकच घडलेली गोष्ट सांगावी. ‘मनमिळाऊ, प्रेमळ, परोपकारी’ ही विशेषणं पत्रिकेत छापून झालेली असतात, ती पुन्हा वाचून दाखवू नयेत. माणूस भांडकुदळ असेल तर तसं मायेनं म्हणावं. लोक हसतील, हसू द्यावं. मयताच्या कार्यक्रमात हसलं तर पाप लागतं, असं कुठल्याही ग्रंथात वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

गावच्या भजनी मंडळाला दोन अभंग म्हणू द्या. बाहेरून भाड्याचा साउंड, प्रवचनकाराची मोठी बिदागी, व्हिडिओ शूटिंग यांची गरज नाही. शेवटी मोझरीसारखं मौन ठेवा. आणि ती शंभर पानी वही दाराशी ठेवून द्या. लिहिता येणाऱ्यानं आठवण लिहावी, न येणाऱ्याची कॉलेजातल्या पोरानं लिहून घ्यावी. पन्नास वर्षांनी त्या घरातला पणतू पणजोबा कसे होते म्हणून विचारील, तेव्हा त्याच्या हातात ठेवायला ही वही असेल.

फ्लेक्सबद्दल दोन शब्द. चौकातला फ्लेक्स पावसानं फाटतो, मग त्याचं ताडपत्रीसारखं काम होतं. आपल्या गावानं तर नावांचा हा खेळ तीनशे वर्षांपूर्वीच पाहिलाय. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथं निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात लढाई झाली. मुबारिजखान पडला आणि त्या विजयावर हैदराबादचं निजामी राज्य उभं राहिलं. विजयाची खूण म्हणून निजामानं गावाचं नाव बदलून फत्तेखेडा ठेवलं. सत्ता, फौज, फर्मान सगळं त्याच्या हातात होतं. आज इथं ते नाव कुणाच्या तोंडी आहे? लोक साखरखेर्डाच म्हणत राहिले.

फर्मान आणि फ्लेक्स नसताना आठवण कशी टिकते, त्याचं उदाहरणही जवळचंच आहे. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं गाव. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून शके १२६० मध्ये, म्हणजे सन १३३८ मध्ये, ते तिच्याखाली गेले. कामावरची गरीब माणसं ढिगाऱ्याखाली, ओळख पटायची सोय नाही. परंपरा सांगते की नामदेवराय पंढरपुराहून तिथं गेले, विठ्ठलनाम ऐकू येणारी हाडं त्यांनी वेचली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी केली. ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्याच्या समाधीवर आज प्रत्येक वारकरी डोकं टेकून पुढं जातो. नामदेवांनी कुणाला जेवायला बोलावलं याची कुठं नोंद नाही. मित्र स्वतः गेला, स्वतः वेचलं, स्वतः ठेवलं, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

अलीकडचंही सांगतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच सिंदखेड राजा तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. देहांची ओळखच पटेना. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांना एकत्र अग्नी दिला गेला. कधीही एकमेकांना न भेटलेल्या घरांनी आपापलं माणूस एकाच जागी निरोपलं. त्या दिवशी कोण कोणत्या जातीचं, कुणाची भाऊकी मोठी, हे कुणी विचारलं नाही. अशा वेळी काय करायचं हे आपल्याला कळतं, एवढाच याचा अर्थ. मग साध्या, घरच्या मरणात आपण इतके का अवघडतो?

आता या आवाहनातला सगळ्यात निकडीचा भाग. पंगतीच्या हिशोबात ते तेरा दिवस जात असताना सरकारी मुदती चालू असतात, आणि त्या कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून आठवणींच्या वहीवाल्यांसोबत एक कागदाचं माणूसही त्या घरी गेलं पाहिजे. ग्रामपंचायतीत काम केलेलं, बँकेत जाऊन-येऊन असलेलं, नाहीतर चांगलं शिकलेलं एखादं पोरगं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, महिना उलटला की परवानग्या, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आणि लक्षात ठेवा, नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते. माणूस छत्रपती संभाजीनगरच्या किंवा अकोल्याच्या दवाखान्यात गेला असेल तर साखरखेर्ड्याच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग नाही.

शेतकरी किंवा शेतकऱ्याच्या घरातलं १० ते ७५ वयाचं माणूस अपघातानं गेलं असेल, म्हणजे साप चावून, वीज पडून, विहिरीत पडून, गाडीखाली येऊन, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसाला २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. तीस दिवसांतले तेरा तर आपण तेरवीतच घालवतो, उरलेले उधारी फेडायच्या चिंतेत. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती पहिल्याच आठवड्यात हातात घ्या.

गेलेल्या माणसाचं पासबुक उघडून बघा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती जीवन ज्योती विम्याची कपात, २० रुपये असतील तर सुरक्षा विम्याची. पहिल्यात कोणत्याही कारणानं, दुसऱ्यात अपघातानं मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात. कितीतरी घरांना आपल्या माणसानं हा विमा काढला होता हेच ठाऊक नसतं, कारण बँकेत खातं उघडताना त्यानं पाच ठिकाणी अंगठा दिलेला असतो. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये असतात. बाईमाणसाला पुढं संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो.

सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायला तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा. आणि इथं आवाज चढवून सांगतो, त्यात बायकोचं आणि सगळ्या लेकींचं नाव घाला. तेरवीला लेकी माहेरी आलेल्याच आहेत, तर उरकून टाकू म्हणून त्याच गर्दीत त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेणं बंद करा. रडून डोळे सुजलेल्या बहिणीपुढं कागद सरकवणं हे लाजिरवाणं काम आहे, आणि ते करताना आपण पंगतीत बसलेलो असतो म्हणून आपणही त्यात आलो. सही घ्यायचीच असेल तर सहा महिन्यांनी, तिच्या घरी जाऊन, तिला वाचून दाखवून.

बाईचा विषय निघालाच आहे तर दुसरी गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, जोडवी आणि मंगळसूत्र काढायला लावायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना असंच करायला सांगितलं. आपल्या अंगणात त्या दिवशी काय होतं, ते आपण डोळ्यांनी पाहतो. आठवणींचा कार्यक्रम असेल तेव्हा त्या बाईला पुढं बसवा. कुंकू लावायचं की नाही हे तिला ठरवू द्या. तिला बोलायचं असेल तर सगळ्यात आधी बोलू द्या, कारण त्या माणसाबरोबर सगळ्यात जास्त दिवस तीच राहिली. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिबा गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून नातलग वाद घालू लागले. सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं आणि पुढं चालू लागल्या. एवढं जुनं उदाहरण आपल्यापुढं असताना आपण अजून आतल्या खोलीचं दार लावून घेतो.

काही समाजांत जातपंचायतीचा धाक आहे. दिवस नीट केले नाहीत तर वाळीत टाकू म्हणतात. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलीस ठाणं गावातच आहे. राजस्थाननं तर १९६० मध्येच मृत्युभोजाविरुद्ध कायदा केला, आणि तरी तिथं पंगती उठत राहिल्या. म्हणून माझी भिस्त कायद्यावर कमी आणि जेवणाऱ्यांच्या नकारावर जास्त आहे. जेवायला कुणी आलंच नाही तर पानं मांडायची कुणासाठी?

एक छोटी गोष्ट ज्यांचे केस पिकलेत त्यांच्यासाठी. आपल्या मागं काय करायचं, ते आजच एका कागदावर लिहून पोराच्या हवाली करा. ‘माझ्या तेरवीला पन्नासच्या वर पानं नकोत’ एवढं वाक्य बापाच्या अक्षरात असलं की पोराच्या मानेवरचं जोखड उतरतं. भाऊकीला दाखवायला त्याच्याजवळ कागद असतो. नेत्रदान करायचं असेल तर तेही लिहा आणि जवळच्या नेत्रपेढीचा नंबर त्याच कागदावर टाका. मरणानंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, तोवर पंखा बंद ठेवून पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा. आयत्या वेळी नंबर शोधत बसलं तर ते सहा तास रस्त्यातच संपतात.

आता ठराव. मसुदा असा असावा असं वाटतं, बदल सुचवा:

‘साखरखेर्डा ग्रामसभा ठरवते की गावात कोणाचाही मृत्यू झाल्यास त्या कुटुंबावर तेरवी, दिवसकार्य किंवा चाळिसाव्याच्या जेवणासाठी कोणीही दबाव आणणार नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांचं साधं जेवण वगळता गावकरी त्या दिवशी जेवण घेणार नाहीत. गावकरी स्मरणाच्या कार्यक्रमाला येतील आणि कुटुंबाला कागदपत्रांसाठी मदत करतील. मृताच्या पत्नीवर कोणतीही विधवा प्रथा लादली जाणार नाही.’

ग्रामसभेआधी महिलांची सभा असते. हा ठराव तिथं आधी मांडा, कारण पंगतीची भांडी घासणाऱ्याही त्याच आणि ज्यांच्या बांगड्या फुटतात त्याही त्याच. तिथून तो मंजूर होऊन आला की पुरुषांच्या बाकावर फारसं बोलायला उरत नाही.

सूचक कोण असावा, यावर मात्र विचार करून ठेवा. गरिबानं हा ठराव मांडला तर लोक म्हणतील, खर्च चुकवायला बघतो. म्हणून सूचक ज्याच्या घरी दहा पोती डाळ शिजू शकते असा असावा, आणि त्यानं सभेत उभं राहून सांगावं की माझ्या घरापासून सुरुवात. गावात अशी पाच-सात घरं आहेत, ती कोणती हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याकडं जाऊन बसायला चार माणसं लागतील. विषयपत्रिकेत घ्यायचा विषय ग्रामपंचायतीला आधी लेखी द्यावा लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात जाऊ द्या.